हिमालयाचे थर वाचणारे प्राध्यापक वाडिया

हिमालय हा वली पर्वत आहे, असे एक वाक्य आपल्या भूगोलाच्या पुस्तकात असते. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि त्याबद्दलचा एक गुण पदरात पाडून घेतात. पण एवढा प्रचंड पर्वत म्हणजे एके काळी समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे आणि सतरंजी एका बाजूने रेटावी तसा तो रेटला जाऊन दुमडला आहे, हे प्रथम कोणी पाहिले, कसे पाहिले, असे विचारणारा विद्यार्थी वर्गात क्वचितच भेटतो. ज्या थोड्या लोकांनी हातोडा आणि होकायंत्र घेऊन वर्षानुवर्षे हे पाहिले, त्यांत दाराशॉ नोशेरवान वाडिया यांचे स्थान फार वरचे आहे. शास्त्रज्ञ म्हटला की आपल्याला काचेची नळकांडी आणि प्रयोगशाळा आठवते. वाडियांची प्रयोगशाळा उघड्यावर होती आणि तिचे भाडे पायांनी भरावे लागत असे. शिवाय आयुष्याच्या उमेदीची चौदा वर्षे ते एका आडबाजूच्या कॉलेजात शिक्षक होते. प्रस्तुत लेखकाला त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटतो तो आधी या कारणाने, हे कबूल केलेले बरे.

त्यांचा जन्म ऑक्टोबर १८८३ मध्ये सुरत येथे एका पारशी कुटुंबात झाला. वाडिया हे नाव जहाजबांधणीमुळे सर्वत्र गाजलेले; पण दाराशॉंच्या घरी श्रीमंती नव्हती. वडील बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत एका लहानशा स्टेशनवर स्टेशनमास्तर होते. घरात नऊ भावंडे. लहान स्टेशनाच्या गावी शिक्षणाची सोय नसल्यामुळे मुलांना सुरतेस आजीकडे ठेवण्यात आले. पुढे १८९४ च्या सुमारास कुटुंब बडोद्यास आले. वडीलभाऊ मंचेरशा हे स्वतः शिक्षणक्षेत्रातील मनुष्य. धाकट्या भावाच्या अभ्यासाकडे त्यांनी लक्ष पुरवले. नोकरीसाठी वडील एका गावी आणि शिक्षणासाठी मुले दुसऱ्या गावी, अशी ओढाताण आपल्या वाचकांपैकी अनेक घरांनी सोसलेली आहे. तिचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

बडोदे त्या काळी सयाजीराव महाराजांच्या राज्याची राजधानी. कॉलेज होते, वाचनालये होती आणि एक चांगले वस्तुसंग्रहालय होते. वाडियांनी बडोदा कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी १९०३ साली घेतली ती वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन. भूशास्त्राची गोडी त्यांना लागली ती अदरजी मसानी या प्राध्यापकांमुळे आणि संग्रहालयातील दगडांच्या नमुन्यांमुळे. त्या काळी आपल्याकडे हा विषय घेणारे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके, शिकवणारे त्याहून थोडे. आणि हा विषय शिकून पुढे पोट कसे भरावयाचे याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. तरीही त्यांनी भूशास्त्र घेऊन पुन्हा परीक्षा दिली आणि १९०६ साली एम.ए. झाले. जीवशास्त्राचा आधीचा अभ्यास वाया गेला असे मात्र नाही. दगडात अडकलेला शिंपला किंवा हाड ओळखावयाचे तर जिवंत प्राण्याचे ज्ञान हवेच. ते त्यांच्याजवळ आधीपासून होते.

१९०७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात त्यांची भूशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. कॉलेज अवघे दोन वर्षांचे होते. गुजरातच्या सपाट प्रदेशात वाढलेला तरुण, घरापासून इतक्या लांब. दुसऱ्या कोणी ही नेमणूक म्हणजे शिक्षा मानली असती. वाडियांच्या दृष्टीने मात्र जम्मूसारखे गाव शोधून सापडले नसते, कारण हे शहर शिवालिक टेकड्यांवरच वसलेले आहे. तावी नदीने कापलेल्या दरडींत वाळूचा दगड, चिकणमाती आणि गोटे यांचे थर उघडे पडलेले दिसतात. कॉलेजातून बाहेर पडावे आणि फळ्यावर काढलेली आकृती समोरच्या टेकडीत पाहावी, अशी सोय होती.

येथे आपल्या बाजूच्या विद्यार्थ्यांना थोडे समजावून सांगणे जरूर आहे. आपण कोकणात किंवा देशावर जो काळा कातळ पाहतो, तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. त्याचे थर बहुतेक ठिकाणी आडवे आणि सरळ आहेत. सह्याद्रीच्या पायऱ्या त्यामुळेच दिसतात. तप्त लाव्ह्यात जीव टिकत नाही, म्हणून जीवाश्मही सहसा मिळत नाहीत. (दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात मात्र ते सापडतात; मुंबईत वरळीला अशा थरात लहान बेडकांचे सांगाडे सापडलेले आहेत.) हिमालयाची गोष्ट वेगळी. तेथील पुष्कळसे खडक गाळाचे. नदीने किंवा समुद्राने गाळ एकावर एक पसरला, वरच्या भाराने तो घट्ट झाला आणि त्या त्या काळचे प्राणी त्यात पुरले गेले. म्हणजे खालचा थर जुना, वरचा नवा, आणि प्रत्येक थरात त्याच्या काळाची खूण. ही वही नीट ठेवलेली असती तर वाचणे सोपे होते. पण हिमालयात ती वही चुरगळलेली आहे, कोठे पाने उलटी झाली आहेत, तर कोठे फाटून एकावर एक सरकली आहेत. चुरगळणे म्हणजे वली, आणि फाटून सरकणे म्हणजे प्रस्तरभंग.

अशा ठिकाणी काम करणाऱ्याची रीत साधी असते, पण चिकाटीची असते. थर कोणत्या दिशेने पसरला आहे ते होकायंत्राने पाहावयाचे, जमिनीत तो किती अंशांनी कलला आहे ते मोजावयाचे, दगडाचा तुकडा फोडून त्याची जात ठरवावयाची, जीवाश्म मिळाला तर जपून कागदात बांधावयाचा आणि हे सर्व नकाशावर त्या जागी नोंदवावयाचे. मग पुढची दरड, पुढचा ओढा. एकटी नोंद काही सांगत नाही. शेकडो नोंदी झाल्या की जमिनीखालची घडी दिसू लागते. वाडियांनी जम्मूतील सुट्ट्या या कामात घालवल्या. सुट्टी ही विश्रांतीसाठी असते असे मानणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे वाचून जरा अवघडल्यासारखे होते.

जम्मूजवळच्या शिवालिक थरांत त्यांना स्टेगोडॉन गणेश या नामशेष झालेल्या हत्तीचा अवशेष मिळाला. त्याचा सुळा सुमारे दहा फूट लांबीचा होता. आज जेथे टेकड्या आहेत तेथे तेव्हा नद्यांची मैदाने होती आणि त्यांवर असे प्राणी चरत होते, हे त्या सुळ्यामुळे विद्यार्थ्यांना न सांगता पटत असणार.

याच वर्षांत त्यांच्या हातून दुसरे एक काम झाले, जे माझ्या मते त्यांच्या कोणत्याही शोधाहून कमी नाही. त्या वेळी आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणारी भूशास्त्राची पुस्तके इंग्लंडची असत. त्यांतील डोंगर इंग्लंडचे, नद्या इंग्लंडच्या, जीवाश्मही तिकडचेच. मुलाने तावीच्या काठी बसून वेल्समधील दगडांची नावे घोकावयाची. भारताच्या भूशास्त्रावर सरकारी खात्याने तयार केलेला मोठा ग्रंथ होता. पण त्याची सुधारलेली आवृत्ती १८९३ ची, आणि तो तज्ज्ञांसाठी होता, विद्यार्थ्यांसाठी नव्हता. वाडियांनी वर्गात शिकवता शिकवता टिपणे काढली आणि भारतातील खडक, पर्वत, खनिजे, जमिनी यांचे सबंध पुस्तक विद्यार्थ्यांसाठी लिहिले. ते १९१९ साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले. पुढे त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि दोन-तीन पिढ्यांचे भारतीय भूशास्त्रज्ञ त्या पुस्तकावर शिकले. मोठे ग्रंथालय हाताशी नसलेल्या शिक्षकाने हे केले ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

१९२१ साली वाडिया भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात असिस्टंट सुपरिंटेंडेंट या पदावर दाखल झाले. वय अडतिसाच्या घरात. या खात्यातील वरच्या जागा तोवर बहुतेक इंग्रजांच्या हाती होत्या, आणि हिंदी माणसाने यावयाचे तर युरोपातील पदवी घेऊन यावे अशी अपेक्षा असे. अशी पदवी नसताना या पदावर घेतले गेलेले ते पहिले भारतीय, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. चौदा वर्षे शिकवून मग तरुणांच्या रांगेत नव्याने उभे राहणे सोपे नसते. पण खात्याने त्यांना वायव्येकडील प्रदेश दिला, पंजाब, हजारा, पूंछ, काश्मीर. आणि तो तर त्यांच्या अंगणासारखा झालेला होता. १९२६-२७ मध्ये ते अभ्यासासाठी रजा घेऊन युरोपात गेले आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हाडांच्या जीवाश्मांवर काम केले. काश्मीरमध्ये मिळालेल्या ॲक्टिनोडॉन या प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन त्यांनी स्विंटन या शास्त्रज्ञाबरोबर १९२८ साली प्रसिद्ध केले. पूंछ संस्थानावरचा त्यांचा सविस्तर ग्रंथही त्याच वर्षीचा.

आता ज्या कामामुळे त्यांचे नाव जगभर झाले त्याकडे वळू. विद्यार्थ्यांनी नकाशाची वही उघडून वाचल्यास अधिक बरे. हिमालयाची रांग आसामकडून पश्चिमेस येते, नेपाळ, कुमाऊँ ओलांडून वायव्येकडे चढते, जम्मूच्या वर पीर पंजालच्या रूपाने तशीच पुढे जाते. आणि मुझफ्फराबादच्या पलीकडे, कागान खोऱ्याच्या बाजूस, एकाएकी वळते. वळते म्हणजे थोडीफार नव्हे. वायव्येकडे चाललेले थर दक्षिणेकडे तोंड फिरवून हजाऱ्यात उतरतात. केसांची आकड्याची पिन असते ना, तसा आकार होतो. झेलम नदीसुद्धा काश्मीरमधून पश्चिमेकडे येता येता मुझफ्फराबादपाशी काटकोनात दक्षिणेस वळते.

या वळणाचा अर्थ काय, हा प्रश्न होता. एक समजूत अशी होती की येथे हिमालय संपतो आणि पश्चिमेकडून आलेली दुसरीच पर्वतरांग त्याला येऊन भिडते. म्हणजे हा दोन पर्वतांचा सांधा आहे. नकाशाकडे नुसते पाहिले तर हे खरेही वाटते. पण नकाशाकडे पाहून पर्वताचा निवाडा होत नाही. वळणाच्या पूर्वेकडचे खडक आणि पश्चिमेकडचे खडक एकच आहेत की वेगळे, हे पायी जाऊन पाहावयास हवे होते. वाडियांनी तेच केले.

त्यांनी वळणाच्या दोन्ही बाजूंचे थर क्रमाने जुळवले. आतल्या कोपऱ्यात मरी नावाचे थर, तांबूस-जांभळ्या वाळूच्या दगडाचे आणि मातीचे, नद्यांनी आणून टाकलेले. त्यांत जीवाश्म फार थोडे, पण रंगामुळे ते लांबूनही ओळखू येतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूस जुन्या समुद्री थरांचा घड्या पडलेला पट्टा. त्यातील चुनखडकात न्युम्युलाइट नावाचे जीवाश्म मिळतात. आकार चपट्या नाण्यासारखा, आणि नावाचा अर्थही नाणे असाच. (इजिप्तचे पिरॅमिड अशाच नाणीवाल्या चुनखडकाचे आहेत. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी उथळ उष्ण समुद्रांत हे जीव भरपूर होते.) त्याच्याही बाहेर फार जुन्या पाटीच्या दगडांचा पट्टा. गंमत अशी की जुने थर नव्या थरांच्या खाली असावयास हवेत, ते येथे वर येऊन बसले आहेत. म्हणजे रेटा इतका होता की थर नुसते दुमडले नाहीत, तर तुटून मैलोगणती पुढे सरकले आणि नव्या थरांवर चढले. असे दोन मोठे तुटलेले पट्टे वाडियांना मिळाले. पूर्वेकडून येताना ज्या क्रमाने ते भेटतात, त्याच क्रमाने वळसा घालून ते पश्चिमेकडेही भेटतात. तीच नाणी, तेच तांबूस दगड, तीच तुटीची रेषा.

यावरून निर्णय असा झाला की दोन पर्वत भेटलेले नाहीत. पर्वत एकच आहे आणि तोच वळला आहे. का वळला, याचे उत्तरही त्यांनी दिले. दक्षिण भारताच्या जुन्या कठीण भूमीचा एक जिभेसारखा भाग पंजाबच्या मैदानाखालून उत्तरेकडे घुसलेला आहे. वरून येणारा मऊ गाळ त्या टोकाला अडला आणि त्याच्याभोवती लपेटला गेला, जसे दाराच्या चौकटीच्या कोपऱ्याला ओले फडके अडकून दोन्ही बाजूंना दुमडावे. हा निबंध १९३१ साली खात्याच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भूखंडे सरकतात ही कल्पना तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य नव्हती. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत जाऊन आशियाला भिडला, हे सर्वमान्य व्हावयास १९६० चे दशक उजाडावे लागले. आज त्या वळणाच्या कारणांविषयी शास्त्रज्ञ अधिक बारकाईने आणि काही बाबतीत वेगळे बोलतात. पण वळणाच्या दोन बाजू म्हणजे एकच पर्वत, हा वाडियांचा निष्कर्ष उभा आहे.

हे सारे केवळ पुस्तकी कुतूहल आहे असे पालकांपैकी कोणास वाटू शकेल. ८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी याच वळणाच्या कुशीत ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. बालाकोट, मुझफ्फराबाद, बाग ही गावे उद्ध्वस्त झाली. सत्तर हजारांहून अधिक माणसे दगावली, नियंत्रण रेषेच्या अलीकडे उरी, तंगधार भागातही शेकडो गेली. शनिवार होता, शाळा भरलेल्या होत्या. हजारो मुले वर्गातच गाडली गेली. जमीन सुमारे सत्तर किलोमीटर लांबीच्या रेषेवर फाटली. भूकंप केव्हा होईल हे वाडियांच्या नकाशावरून कळत नव्हते आणि आजही कोणाला सांगता येत नाही. पण हा प्रदेश तुटलेल्या, एकमेकांवर चढलेल्या थरांचा आहे, हे १९३१ पासून कागदावर होते. शाळेच्या इमारती कशा बांधाव्यात, हे ठरवताना अशा कागदांचा उपयोग असतो.

यानंतर ते नंगा पर्वताकडे गेले. ८१२६ मीटर उंचीच्या या शिखराभोवतीचा प्रदेश दुर्गम आणि कडाक्याच्या थंडीचा. तेथील चमकदार पट्टेरी खडक दिसावयास ग्रॅनाइटसारखे, तरी त्यांचा बराचसा भाग मुळात गाळाचाच होता आणि उष्णतेने व दाबाने बदलला, असे मत त्यांनी मांडले. १९३५ साली खात्याने भारतातील जमिनींचा नकाशा काढला त्यातही त्यांचा हात होता.

मानसन्मानांची यादी लांबलचक आहे. ती येथे थोडक्यात उरकतो. १९३४ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे बॅक पारितोषिक, १९४३ साली लायेल पदक, १९५७ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९५८ साली पद्मभूषण. १९३८ साली खात्यातून निवृत्त झाल्यावर ते सिलोन सरकारचे खनिजतज्ज्ञ म्हणून गेले आणि १९४४ पर्यंत तेथे होते. १९४२ साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन बडोद्यास भरले, तेव्हा अध्यक्ष वाडिया होते. ज्या गावी संग्रहालयातील दगड पाहून या वाटेला लागले, त्याच गावी. पुढच्या वर्षीचे अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू ठरले होते, पण ते तुरुंगात असल्याने ती जबाबदारीही वाडियांवरच आली. स्वातंत्र्यानंतर इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचे संचालकपद आणि १९४९ पासून अणुशक्तीसाठी लागणाऱ्या खनिजांच्या शोधाचे काम त्यांच्याकडे होते. तेव्हा त्यांची पासष्टी उलटली होती. १९६३ साली ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद प्रथमच आशियात, नवी दिल्लीस भरली, तिचे अध्यक्ष तेच.

हिमालयासाठी स्वतंत्र संशोधन संस्था असावी ही त्यांची खटपट मात्र फार उशिरा फळास आली. १९६८ साली दिल्ली विद्यापीठात अगदी लहान जागेत ती सुरू झाली. त्या वेळी वाडिया चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. १५ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे संस्थेला त्यांचे नाव मिळाले आणि १९७६ साली ती डेहराडूनला गेली. हिमनद्या, दरडी कोसळणे, भूकंप यांचा अभ्यास तेथे चालतो. १९८४ साली टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. जम्मूच्या कॉलेजचे नाव बदलून आता गांधी मेमोरियल झाले आहे. तेथील निसर्गविज्ञानाचे संग्रहालय वाडियांच्या नावाने आहे.